दोन रेघांचं उत्तर

एका जंगलात वाघ होता की नव्हता, ते मला विचारू नका. शिकवणीचा वर्ग मात्र होता. जंगलात शिकवणी कशाला, असं तुमच्यातलं एखादं आगाऊ कार्टं विचारणारच. अरे, तुम्हाला ज्या कारणासाठी घातलंय, त्याच कारणासाठी. घरी कटकट नको म्हणून.

वर्ग बगळे सरांचा. तळ्याकाठचा काळा कातळ हाच फळा. सर एका पायावर उभे राहून शिकवत, त्यामुळे फार विद्वान वाटत. मंगळवारी हिशेब, गुरुवारी व्यापारी कायदा, शनिवारी वित्त. हिशेब जुळला की सर उत्तराखाली दोन रेघा ओढत. त्या दोन रेघांना अख्ख्या जंगलात मान होता. एकदा ओढल्या की ओढल्या.

एका मंगळवारी सगुणा साळू धापा टाकत वर्गात शिरली. अंगभर काटे, पण स्वभावानं गरीब. तिची आणि तरसाची भागीदारीत कंदांची पेढी होती. कंद उकरायचे सगुणानं आणि गिऱ्हाइकांशी हसायचं तरसानं, अशी कामाची वाटणी.

"सर, माझं बीळ वाचवा," ती म्हणाली. "तरसानं स्वतःच्या लग्नाच्या पंगतीसाठी गजाभाऊंकडून ऊस उधार आणला आणि नवरीला घेऊन डोंगरापलीकडे पसार झाला. आता गजाभाऊ म्हणतात, ऊस पेढीनं फेडावा. नाहीतर उद्या बिळाचा ताबा घेतो. आत माझी पिलं आहेत हो."

गजाभाऊ म्हणजे हत्ती. उधारीवर ऊस देणं हा त्यांचा धंदा.

सरांचे डोळे चमकले. "मुलांनो, वह्या काढा. उदाहरण आपल्या पायांनी चालत आलंय."

त्यांनी कातळावर लिहिलं, 'साळू व तरस हे समान भागीदार आहेत.'

"समान नाही सर. तीन हिस्से माझे, एक त्याचा."

"समान धरलं की अपूर्णांक येत नाहीत. मध्ये बोलू नका."

मग ताळेबंद मांडला. डावीकडे देणी, म्हणजे गजाभाऊंचा ऊस. उजवीकडे मालमत्ता, म्हणजे तरसानं खाऊन उरलेले कंद. डावी बाजू जड आणि उजवी हलकी. सरांना अस्वस्थ वाटू लागलं. पिलं बेघर होतील याचं त्यांना काही नव्हतं, पण ताळेबंद जुळत नाही म्हटल्यावर त्यांचा दुसरा पायसुद्धा खाली आला. शेवटी त्यांनी उजवीकडे लिहिलं, 'साळूचं बीळ.' दोन्ही बाजू जुळल्या. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

"अहो, बीळ माझ्या आईचं, पेढीचं नव्हेच," सगुणा रडकुंडीला आली. "आणि ऊस तरसाच्या लग्नासाठी होता, हे गजाभाऊंना पक्कं ठाऊक आहे. ते स्वतः पंगतीला बसले होते."

"वा, मुद्दा बिनतोड आहे," सर म्हणाले. "पण तो कायद्याचा. गुरुवारी या."

"गजाभाऊ उद्या येणार, सर. उद्या बुधवार."

"बुधवारी आपल्याकडे सुट्टी असते."

मागच्या बाकावरच्या मुंगसानं विचारलं, "सर, हे परीक्षेला आहे का?"

"पाच गुणांना," सर म्हणाले आणि त्यांनी दोन रेघा ओढल्या.

बुधवारी गजाभाऊ आधी तळ्याकाठी गेले. रेघा पाहिल्या. "रेघा आहेत म्हटल्यावर माझा नाइलाज आहे," असं म्हणून ते मोठ्या समाधानानं निघाले.

त्या जंगलात ताबा घ्यायची रीत एकच. जागेवर उजवा पाय ठेवायचा. ससा ठेवतो, भेकर ठेवतं, कुणाचं काही बिघडत नाही. गजाभाऊंनीही रीत पाळली. सगुणानं पिलांना कसंबसं बाहेर ओढलं, तोवर मागे बीळ खचलंसुद्धा. हे सांगताना मला अजून संताप येतो. तुम्हाला हसू येत असेल तर बाहेर जाऊन हसा.

करवंदीच्या जाळीत रात्र काढून गुरुवारी सगुणा पिलांना घेऊन वर्गात आली. सरांनी तिचं प्रकरण मुलांना सोडवायला घातलं. सगळ्यांनी अचूक उत्तर दिलं. कर्ज तरसाचं खाजगी, देणाऱ्याला ते ठाऊक, म्हणून पेढी जबाबदार नाही आणि बिळाला हात लावता येत नाही.

"शाब्बास!" सर म्हणाले. "अभिनंदन सगुणाबाई, तुम्ही जिंकलात."

"मग त्या रेघा पुसा आणि माझं बीळ मला द्या."

"रेघा हिशेबातल्या आहेत, आज कायदा आहे. आणि बीळ आता आहे कुठे?" सरांनी मान वाकडी करून विचार केला. "त्याचा घसारा धरावा लागेल. शंभर टक्के. मुलांनो, वापरानं वस्तू झिजते तो घसारा. येत्या मंगळवारी तोच घेणार आहे."

सगुणानं पिलांना पुढे केलं. "सर, यांना तुमच्या वर्गात घ्या. निदान कोणत्या वारी काय खरं असतं, ते तरी यांना कळेल."

सरांनी पिलांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"राहण्याचा पत्ता लागेल," ते म्हणाले. "त्याशिवाय नाव घालता येत नाही."

तात्पर्य : भागीदार पारखून घ्यावा, असं तुम्ही पेपरात लिहाल आणि गुण मिळवाल. लिहा बापडे. खरं तात्पर्य असं, की संकटात सापडण्यापूर्वी शहाण्या माणसानं शिकवणीचं वेळापत्रक पाहून घ्यावं. भलत्या वारी बुडणाऱ्याला कुणी वाचवत नाही, आणि त्यात चूक बुडणाऱ्याचीच असते.