सुट्या भागांचं कलम

"हे आत नेता येणार नाही," दारावरचा रक्षक म्हणाला.

"अहो, लाकडाचं आहे!" मसुदाकारांनी पिस्तुलावर टकटक करून दाखवलं.

कायदे विभागात मसुदे लिहिता लिहिता त्यांचे केस पांढरे झाले होते. बेकायदा बंदुका परदेशातून अख्ख्या येतच नाहीत, सुट्या भागांनी येतात आणि सुट्या भागांना शिक्षा काय, तर किरकोळ दंड, हे ते तीन वर्षं समितीला कानीकपाळी ओरडून सांगत होते. आज शेवटची बैठक होती. आज कलम मंजूर झालं नाही, तर ते कायमचं बासनात जाणार होतं. म्हणून बायकोने ओळखीच्या सुताराकडून हा नमुना करवून घेतला होता.

"आकार पिस्तुलाचा आहे ना? नियमात आकार आहे," रक्षक म्हणाला.

"आणि सुटं करून नेलं तर?" नवऱ्याला सोडायला आलेल्या बायकोने विचारलं.

रक्षकाने नियम वाचला. "सुट्या भागांचं काही लिहिलेलं नाही."

मसुदाकारांना त्याला मिठीच मारावीशी वाटली. नळी छत्रीत, मूठ डब्यात, घोडा खिशात घालून ते आत गेले.

"सुटे भाग आणायचा उपद्व्याप करतंय कोण?" अध्यक्षबाईंनी जांभई दिली.

मसुदाकारांनी छत्री झटकली, डबा उघडला, खिसा उलटा केला. खटाखट भाग जोडून त्यांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं, तेव्हा निम्मी समिती टेबलाखाली होती.

"हे आत आलं कसं?" बाई खालूनच ओरडल्या.

"तुमच्याच दारातून. सुटं!"

कलम एकमताने मंजूर झालं. शिवाय या इमारतीसाठीही तसाच आदेश आत्ताच्या आत्ता लिहा, असं बाईंनी फर्मावलं. मसुदाकारांनी तीन वर्षांचा राग त्यात ओतला.

पिस्तूल पुन्हा सुटं करून ते निघाले, तर दारात रक्षक तोच आदेश घेऊन उभा होता. "सुटे भाग जप्त. तुम्ही बाकावर बसा, पोलीस येताहेत."

"अहो, मी बाहेर नेतोय!"

"ने-आण लिहिलंय."

"पण नमुना आहे तो!"

"'नमुना असला तरी' असंही लिहिलंय, साहेब."

मसुदाकारांनी आदेश दोनदा वाचला. कुठे फट सापडेना. खरं तर संताप यायला हवा होता, पण त्यांना फार बरं वाटलं.

"काय पक्कं झालंय बघ!" न्यायला आलेल्या बायकोला ते म्हणाले.

तिने शेवटपर्यंत वाचलं. "पुरवणाऱ्याला दुप्पट शिक्षा?"

"मग! खरा गुन्हेगार तोच. त्याला अजिबात सोडायचं नाही."

"बरोबर," रक्षकाने पेन काढलं. "साहेब, तुम्हाला हे कुणी करवून दिलं?"

मसुदाकार छताकडे बघू लागले.

"सरका जरा," बायको म्हणाली आणि बाकावर बसली.