मुन्शीजींचं अळणी पान

पंगतीत पान मांडलं की आधी मीठ वाढतात. आमचे शेजारी गणपतराव मुन्शी ते मीठ बोटानं पानाबाहेर ढकलायचे आणि वाढप्याकडे असं बघायचे, जणू त्यानं विषच वाढलंय. मग पिशवीतून घरची अळणी भाकर काढून ती दुधात कुस्करून खायचे.

मुन्शीजी म्हणजे चावडीवर बसून लोकांचे उर्दू अर्ज लिहिणारे. निजामाचं राज्य, त्यामुळे धर्मापुरीत त्यांच्यावाचून कुणाचं पान हलत नसे. मोमिनाबादच्या दवाखान्यात एका डॉक्टरानं त्यांना सांगितलं होतं, की अंगातल्या क्षारांनी श्वासनळीचे स्नायू आवळतात किंवा सैल पडतात, आणि दम्याला मीठ कमीच बरं. मुन्शीजींनी त्याचा कायदाच केला. "गोगलगाईवर मीठ टाका बापूराव," ते मला म्हणायचे, "कशी आखडती? तशीच छातीतली नळी. आखडली की मामला खल्लास!"

"मग सैल कशी करायची?" असं मी एकदा विचारून बसलो. त्यांनी लगेच दवाखान्यातल्या कडू मिठाची पुडी काढली. "ह्ये मीठ येगळं हाय. सैल करतं." मला सर्दी झालेली, मी पुडी घेतली. सैल झालं, पण भलतंच. दोन दिवस माझा मुक्काम ओढ्याकाठी होता. मुन्शीजी समाधानानं म्हणाले, "असर हाय का न्हाई?"

आता आमच्याकडे ज्याचं मीठ खाल्लं, त्याच्यावर उलटायचं नसतं. मुन्शीजी तर कुणाचंच मीठ खात नाहीत. गावानं सरळ अर्थ लावला, की हा सरकारचा खबऱ्या. "समद्यांवर उलटायला मोकळा ऱ्हातोय बे त्यो," पाटील मला म्हणाले. यात्रेच्या पंगतीला त्यांना बोलवायचं नाही असं ठरलं, आणि ते सांगायचं काम शेजारी म्हणून माझ्या गळ्यात पडलं. राग मलाही होताच. माझ्या मुलीच्या लग्नातही त्यांनी मीठ असंच पानाबाहेर ढकललं होतं.

तणतणत गेलो, तर नवरा-बायको जेवत होते. सरूकाकू, मुन्शीजींच्या मंडळी, दम्यानं पार खंगलेल्या. दोघांच्या ताटात अळणी पिठलं. काकू तोंड वाकडं करून घास गिळत होत्या आणि मुन्शीजी त्यांच्यासमोर मिटक्या मारत होते.

"दमा काकूंना हाय. तुमी कशापायी अळणी खाता?"

मुन्शीजी ओशाळले. "एकटीच्या नरड्याखाली कसं उतरंल वो? आन म्या बाहेर चोरून खाल्लं, तर तिला माज्या तोंडावर दिसंल."

काकू हसल्या. "पंधरा दिस झाले, लई दिसांनी आडवी झोपतीया मी, न्हाईतर रात बसूनच काढायची. आता ह्यास्नी माज्या ओव्या ऐकायच्यात. दमा जडायच्या आदी जात्यावर म्हणायची मी."

मला माझीच लाज वाटली. निरोप पोटातच ठेवून मी पाटलांकडे गेलो. "मुन्शीजी कुणावर उलटणारे न्हाईत," म्हटलं. "बायकोच्या अळणीला जागतेत त्ये." पाटील आचाऱ्याला हाक मारून म्हणाले, "दोन पानांचं बिनमिठाचं येगळं शिजव."

यात्रेच्या दिवशी पहाटे भिंतीपलीकडून जात्याची घरघर आली, आणि तिच्यावर काकूंचा बारीक आवाज. ओवीची एक ओळ पुरी झाली, मग धाप लागली आणि जातं थांबलं. मी अंथरुणात उठून बसलो.

"दम घे," मुन्शीजी म्हणत होते. "घाई न्हाई. दुसरी ओळ उद्या म्हण."