सांभाळूनसाहेबांचं प्रात्यक्षिक

खाणीतले सुरक्षा अधिकारी जो दिसेल त्याला "सांभाळून!" म्हणायचे, म्हणून कामगारांनी त्यांचं नावच सांभाळूनसाहेब ठेवलं होतं. नाव ठेवलं, पण ऐकत कुणी नव्हतं. खालच्या ओल्या उतारावर माणसं घसरत होती, हातपाय मोडून घेत होती, आणि साहेबांची भाषणं पालथ्या घड्यावर पाणी ठरत होती.

"घरात पोरं ऐकत नाहीत तुमचं, खाणीत कोण ऐकणार?" बायको म्हणाली. "बोलू नका, करून दाखवा."

साहेबांना ते पटलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाळीतल्या सगळ्या कामगारांना उताराच्या तोंडाशी जमवलं.

"कसं चालू नये, ते आधी बघा," ते म्हणाले. "बुटाला चिखल, कठडा सोडलेला, आणि वर घाई!"

त्यांनी घाईचं पहिलं पाऊल टाकलं आणि दुसरं टाकायची वेळच आली नाही. पाय वर, डोकं खाली, आणि साहेब थेट उताराच्या पायथ्याशी!

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की छतावरून माती झरली.

"वा साहेब! हुबेहूब!"

"अरे, मी खरंच पडलोय!" साहेब ओरडले.

"बघा, बघा, कण्हतातसुद्धा अगदी तस्सं!" मुकादम भारावून म्हणाला. "साहेब, मागच्यांना दिसलं नाही. पुन्हा एकदा होऊन जाऊ दे!"

साहेबांचा घोटा पावासारखा टम्म फुगलेला दिसला, तेव्हा कुठे मुकादमाचा चेहरा उतरला. स्ट्रेचर आलं. साहेबांना त्यावर निजवलं, पण स्ट्रेचर काही हलेना.

"काय झालं आता?"

"बूट खरवडतोय, साहेब."

बूट खरवडून झाले, उतारावर वाळू टाकून झाली. मग एक हात कठड्याला, एक हात स्ट्रेचरला, अशी ती मिरवणूक मुंगीच्या पावलांनी वर निघाली.

"अरे, जरा भराभर चला रे! जीव चाललाय माझा!"

"घाई नाही, साहेब," मुकादम ठामपणे म्हणाला. "घाईनं काय होतं ते आत्ताच बघितलंय आम्ही."

उताणे पडल्या पडल्या साहेबांना खाण पहिल्यांदाच अशी दिसत होती. काळ्या छतावर पाण्याचे थेंब दिव्यांच्या उजेडात लखलखत होते. मागेपुढे डोक्यांवरच्या दिव्यांची लांबच लांब रांग होती, आणि तेवढी पावलं एकदम उचलली जात होती, एकदम टेकत होती. एकही घसरत नव्हतं. साहेबांच्या अंगावर काटा आला. ठणक्याने की कशाने, ते त्यांनाच कळेना.

वर दवाखान्याची फरशी नुकतीच पुसली होती. खबर ऐकून डॉक्टरीणबाई आतून धावतच आल्या.

"थांबाऽऽ!" अख्खी पाळी एका आवाजात गरजली.

डॉक्टरीणबाईंचा एक पाय हवेतच राहिला.

"भिंत धरा बाई," मुकादम हळुवारपणे म्हणाला. "आणि सावकाश या. साहेब कुठे पळून जात नाहीयेत."

डॉक्टरीणबाईंनी मुकाट्याने भिंत धरली. तो सोहळा डोळे भरून बघताना साहेब कण्हायचंही विसरले.