पहिल्या नंबरचं पिंप

आईच्या तेराव्याच्या सकाळी त्रिंबकनं आयुष्यात पहिल्यांदा आपलं पिंप टँकरच्या रांगेत सर्वांत पुढं लावलं. दूध संस्थेचा हा शिपाई संस्थेच्या अंगणातली पाण्याची रांग सांभाळायचा. आपलं घर शेवटी हा त्याचा नियम, आणि 'ॲडजस्ट करा' हा मंत्र. एसटीत तिघांच्या बाकावर पाचवा बसवताना, दुधाला फॅट कमी लागल्यावर, नवरदेवाचा बूट घट्ट झाल्यावरही तो हेच म्हणायचा. विहिरी आटल्यापासून तर गावाला दुसरं क्रियापदच उरलं नव्हतं.

"आज तुझं पिंप पहिलं, त्रिंबक," चेअरमन अर्जुनरावांनी बजावलं. "दीडशे पान जेवायचंय."

तेवढ्यात मंजुळाबाई दोन घागरी घेऊन आल्या. "लेक बाळंतपनाला आलीय रं. ॲडजस्ट कर की."

त्रिंबकनं पिंप जरा मागं घेतलं. मग शहादेवनं बैलगाडीतून दोन टाक्या आणल्या. "म्हस लई बेजार हाय. ॲडजस्ट कर बे."

मुक्या जनावराला नाही कसं म्हणायचं? पिंप आणखी मागं गेलं. सावित्रीबाईंकडं तर पाहुणेच आले होते, त्यांचे सात हंडे. अखेर त्रिंबकचा नंबर लागला तेव्हा पाइप दोनदा खोकला आणि गप्प झाला. पिंपाच्या बुडाशी तांब्याभर पाणी पडलं.

ते पिंप उचलून त्रिंबक घराकडं निघाला. आईच्या नावानं आलेली माणसं उपाशी उठणार होती. आता बायकोला काय सांगायचं? नेहमीचा शब्द आज तोंडातून निघेना.

अंगणात भाताला आधण आलं होतं. शेजारी शहादेवच्या टाक्या, सावित्रीबाईंचे हंडे, मंजुळाबाईंच्या घागरी, सगळं काठोकाठ भरलेलं. त्रिंबक बघतच राहिला.

"शहादेवची म्हस?"

"दिवाळीतच इकली की! तुमीच तर सौद्याला गेलता," त्याची बायको अंजना म्हणाली. "घरासाठी मागितलं असतं, तर दिलं असतं का? म्हून त्यांना धाडलं."

"ही अक्कल तुझी?"

"माझी न्हाई, आत्याबाईंची. सात उन्हाळे तुमच्या आईंनी असंच पानी भरलं. तुमाला कळू दिऊ नको म्हनल्या."

पिंप तिरपं करून त्रिंबकनं बुडातलं पाणी तांब्यात घेतलं आणि आईच्या फोटोपुढं ठेवलं. घरचं म्हणून त्यानं तिला दिलेलं ते पहिलंच पाणी होतं.