उष्टं पाणी

रोज सकाळी सात वाजता आमची बेल वाजते आणि दाराबाहेरून आवाज येतो, “वहिनी, उष्टं हाय का?”

हे नाना. तळमजल्यावर राहतात. मूळचे कर्जतकडचे. एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झाले आणि नगरला मुलाकडे आले. त्यांना शिळी पोळी नको असते. पाण्याच्या फिल्टरच्या बारीक नळीतून जे पाणी सिंकमध्ये वाहून जातं, ते हवं असतं.

“मशीन एक तांब्या देतं अन् तीन टाकून देतं. तोंड लावून टाकल्यालं, म्हंजी उष्टंच की!”

माझ्या शाळेच्या पुस्तकात याला वेस्टवॉटर म्हणायचे. नानांचा शब्द जास्त बरोबर आहे.

आमच्या बिल्डिंगमध्ये आठ घरं आणि आठ फिल्टर. बोअरचं पाणी इतकं जड, की नवी किटली महिन्याभरात आतून पांढरी होते. नाना आठही घरांतून कॅन भरून नेतात आणि त्या पाण्याने जिना पुसतात, पार्किंग धुतात, न विचारता सगळ्यांच्या स्कूटर धुतात. झाडांना मात्र थेंब देत नाहीत. एकदा दिलं होतं, तेव्हा गेटजवळच्या मोगऱ्याची पानं कडेने करपली. “त्यात खार लई असतोय, मला अक्कल न्हवती,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला आठवडाभर सांगत होते.

पाणी न्यायला आले की ते फिल्टरचीही तब्येत बघतात. गाळाचा फिल्टर उघडून, तो मातकट तुकडा हातात धरून आईकडे वळतात.

“किती दिस झालं बदलून?”

“झाले असतील सात-आठ महिने.”

“बनियान सात-आठ महिने धुतलं न्हाई तर घालतान का कुनाला?”

तोवर चहा होतो. नाना तो उभ्यानेच पितात, मुलाची शिफ्ट, सुनेची शाळा, गुडघा, सगळं सांगतात आणि पुढच्या दाराकडे जातात.

एकदा मला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या आईच्या हातात पोह्यांची बशी होती. त्या सकाळी नाना आले नव्हते; नेमकी तेव्हाच बेल वाजली आणि त्यांचा खणखणीत आवाज आला, “वहिनी, कालचं उष्टं तसंच ठिवलंय ना? सांडू नका, मी नेतो!” बशी हळूच टीपॉयवर गेली. आईने समजावून सांगितलं, पण फिल्टर, नळी, कॅन असं जितकं सांगावं तितकं ते अधिकच विचित्र वाटत गेलं. ते स्थळ परत आलं नाही. आईने नानांशी चार दिवस अबोला धरला. मी धरला नाही. मुलगा मलाही फारसा आवडला नव्हता.

मग नानांचा गुडघा सुजला. तिसऱ्या मजल्यावर ते कठड्याला धरून चढायला लागले. मला मीटिंगमध्ये बोलता येत नाही, म्हणून मी एक आकृती काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. आठही घरांच्या नळ्या एकाच पाइपला जोडायच्या, पाणी थेट खालच्या टाकीत. नानांना चढायलाच नको. सगळ्यांनी अंगठे पाठवले. आठवड्यात काम झालं.

“डोकं हाय पोरीला,” नाना म्हणाले. पाइपवरून त्यांनी एकदा हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली नाही. ऑफिसला जाताना पाहिलं, तर नाना टाकीशेजारी खुर्ची टाकून बसले होते. आठ घरांचं पाणी खाली येत होतं. माणूस कोणी येत नव्हतं. आपण काय करून ठेवलं, ते मला तेव्हा कळलं.

तिसऱ्या सकाळी दार उघडलं तर ते बाहेर उभे. हातात रिकामा कॅन.

“सवयीनं आलो बघ. पाय ऐकत न्हाईत.” ते वळायला लागले.

मी एरवी कुणाशी ‘हो’ आणि ‘नाही’च्या पुढे फारसं बोलत नाही.

“नाना, आमचा जॉइंट गळतोय,” मी म्हणाले. “आमची नळी त्या पाइपला नकोच.”

नाना आत आले, गुडघा सांभाळत सिंकखाली वाकले. जॉइंटभोवती त्यांनी अंगठा फिरवला. वर्कशॉपमध्ये गळती शोधण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्या माणसाने आपल्या कोरड्या अंगठ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी फरशीकडे पाहत राहिले.

“व्हय,” नाना म्हणाले. “लई गळतंय.”

त्यांनी जॉइंट सोडवला, नळी कॅनमध्ये सोडली आणि माझ्याकडे न बघता आईला हाक मारली.

“वहिनी, मशीन चालू करा. हे भरस्तवर बसावं लागंल मला.”

आणि पहिल्यांदाच ते खुर्ची ओढून बसले.