पत्त्यातली खूण : भिमाजी किराणा

तुम्हाला म्हणून सांगते, आमच्या गल्लीत मोबाईल खऱ्या अर्थानं फक्त मलाच येतो! बाकीच्यांना त्यावर नुसतं बोलता येतं. मी शाळा सातवीत सोडली, पण मोबाईल माझा मी शिकले. लाईटबिल भरणं, गॅसचा नंबर लावणं, कुणाच्या खात्यावर काय जमा झालं ते वाचून दाखवणं, झालंच तर साळूबाईच्या होणाऱ्या जावयाचा फोटो मोठा करून त्याला टक्कल पडतंय का ते तपासणं, ही सगळी खाती माझ्याकडेच!

तर गेल्या उन्हाळ्यात शाळेच्या सरांनी सांगितलं, की सुट्टीत शाळेत खिचडी शिजणार नाही, तिचे पैसे पोरांच्या खात्यावर येतील. आले! निकिताच्या नावावर आले. ती सातवीतून आठवीत चाललेली. स्वतःच्या नावानं पैसे आलेले बघून पोरगी दिवसभर अशी चालत होती, जशी काही जिल्हा परिषदेवर निवडूनच आलीय!

"भिमाजीकडनं डाळ-तांदूळ आन अन् मोकळी हो," हे म्हणाले. हे म्हणजे आमचे गोरक्षनाथ.

"नाही! आपण ऑनलाईन मागवायचं!"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी शेळीचं बाळंतपण फोनवरून करते म्हणाले.

"का गं? भिमाजीच्या दुकानात काय आग लागली?"

"घरपोच येतं, फोटो बघून निवडता येतं, लेकीच्या नावचे पैसे लेकीच्या पसंतीनं जाऊ द्या!" मी ठणकावलं. पण खरं कारण मी त्यांनाही सांगितलं नाही.

खरं कारण असं. आदल्या दिवशी निकिता मला पाण्याच्या टाकीमागं घेऊन गेली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, अन् माझ्या कानात म्हणाली, "आई, ते पॅडचं पाकीटबी मागव ना त्यात. भिमाजी काकांच्या दुकानातनं नको. पाया पडते!"

आता भिमाजी किराणा म्हणजे काय, हे तुम्हाला कळायला हवं. तिसगावच्या अलीकडं आमचं गाव, गावात दुकान हे एकच. भिमाजी नात्यानं माझे भाया, म्हणजे ह्यांचे थोरले चुलतभाऊ; मी त्यांना भाऊजी म्हणते. त्यांच्यासमोर मी अजून डोक्यावरचा पदर ढळू देत नाही! दुकानापुढच्या ओट्यावर सकाळपासून माणसं बसलेली. कुणी काय नेलं, कुणाकडं पाहुणे आले, कुणाला जुलाब झाले, सगळं त्यांना पिशवीवरून कळतं. आणि ते पाकीट ठेवलेलं सगळ्यात वरच्या फळीवर. कुणी परगावची पाहुणी मागायला आली, की भाऊजी स्टूल लावतात, वर चढतात, अन् तिथून, म्हणजे जवळजवळ कळसावरून, आरोळी देतात, "मोठं का ल्हान?"

ओटा गप्प होतो. ओट्याखालचं कुत्रंसुद्धा मान वर करतं!

मी आजवर त्यासाठी दर वेळी काहीतरी निमित्त काढून तिसगावचा बाजार गाठत आले. पण लेकीला कुठवर पळवू?

तेव्हा आम्ही मायलेकी दार लावून मोबाईलवर बसलो. तूरडाळ घेतली, साखर, पोहे, शेंगदाणे, तिच्या पसंतीच्या शेवया, अंगाचा साबण, फिनेलची बाटली. आणि ते पाकीट. त्या पाकिटाचे पैसे मात्र माझ्या शेळीच्या दुधातले हं, पोरीच्या घासातले नव्हेत! ते पाकीट टोपलीत पडल्यावर निकितानं असा श्वास सोडला, की मला वाटलं सायकलचं चाक बसलं.

मग पत्ता. मोबाईल विचारायला लागला, घर क्रमांक? आमच्या गावात घराला क्रमांक नसतो, घराला माणसं असतात. मोबाईल म्हणे, जवळची खूण?

मी डोळे झाकून लिहिलं : भिमाजी किराणा.

हसू नका! लग्नाच्या पत्रिकेपासून बँकेच्या पासबुकापर्यंत आमच्या सगळ्या गावाचा पत्ता तोच आहे. भिमाजी किराणासमोर, भिमाजी किराणामागं, भिमाजी किराणाच्या वरच्या अंगाला. ज्या दुकानापासून लपवायचं त्याच दुकानाचं नाव मी पत्त्यात घातलं, अन् वर लेकीला म्हणाले, "बघ, पत्ता कसा नेमका दिला! डोळे बांधून सोडलं तरी माणूस सापडल!"

सापडला की!

त्या दिवशी मी कुरडया वाळत घालत होते. फोन आला.

"मावशी, अजिनाथ बोलतोय तिसगावहून. पार्सलवाला. तुमचा खोका दिला बरं का."

"दिला? कुणाला दिला?"

"खुणेला दिला की! भिमाजी किराणा. ऊन लई हाय मावशी, मी निघालो."

माझ्या हातातली कुरडई कोंबडीनं नेली, मला पत्ता नाही! मी पळत सुटले. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात ह्यांची.

आता इथं आणखी एक गोष्ट. आमचे भाऊजी दुकानात आलेलं पार्सल तसं कुणाला देत नाहीत. ओट्यावरच्या चार माणसांसमोर स्वतःच्या हातानं फोडतात! मागं साळूबाईच्या पोराला बूट आले, ते दोन्ही डाव्या पायाचे. तेव्हापासून भाऊजींचा नियम : पार्सल साक्षीदारांसमोर उघडायचं, एकेक वस्तू वर धरून दाखवायची, मगच मालकाच्या ताब्यात!

मी पोचले, तेव्हा खोका गल्ल्यावर होता, भाऊजींच्या हातात गुळाची सुरी होती, अन् ओटा गच्च भरलेला होता. सुरीचं टोक चिकटपट्टीला टेकलं होतं.

"थांबा!" मी किंचाळले. भायासमोर मी इतक्या वर्षांत एवढा आवाज कधी काढला नव्हता. भाऊजींची सुरी हातातच राहिली.

"का गं पंकजा? काय मागवलंयस येवढं?"

मागवलंय म्हटलं, तर त्यांच्या दुकानाला पाठ दाखवली असं होणार. उघडू दिलं, तर लेक पुन्हा गल्लीत तोंड दाखवायची नाही. माझ्या डोक्यात शिट्ट्या व्हायला लागल्या, अन् त्यातल्या एका शिट्टीसरशी तोंडातून निघून गेलं,

"मागवलं नाही भाऊजी, सरकारनं पाठवलंय! शाळेचा आहार! सुट्टीतला! घरपोच!"

"सरकारी हाय?"

"तर काय! फोडलं की गुन्हा!"

भाऊजींनी सुरी अशी बाजूला ठेवली, जशी तहसीलदारानं मागून घेतली. ओट्यावरच्या एकानं खोक्याला हात लावला होता, त्यानं तो शर्टाला पुसला. मला जिंकल्यासारखं वाटलं. खोका डोक्यावर घेऊन निघणार, तेवढ्यात भाऊजी हळूच म्हणाले,

"म्हंजी आता सरकार डाळ-साखरबी दारात आनून द्यायला लागलं. मग आमी दुकान उघडून बसायचं कशाला, माशा हानायला?"

त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. पण थांबायला वेळ कुठं होता?

मी घरी पोचायच्या आत बातमी माझ्या पुढं पोचली होती. आमच्या गावात मोबाईलला रेंज नसली तरी ओट्याला असते! खोका खाली ठेवते न ठेवते, तोच दारात साळूबाई, तिच्यामागं अख्खी गल्ली.

"पंकजे, तुज्या निकिताचा खोका आला, मग माझ्या नातवांचा कुठंय? तीन पोरं हायती शाळेत! ती काय हवा खात्यात?"

"येईल हो! टप्प्याटप्प्यानं येत असतील!" मी म्हणाले. ही माझी दुसरी चूक.

"टप्पा? पयला टप्पा तुज्याच घरी कसा? चला गं, सराला इचारू!"

सर गावातच भाड्यानं राहतात. दुपारची वेळ, बिचारे बनियनवर, तोंडावर ओला पंचा टाकून पडलेले. त्यांनी पंचा काढला तर समोर बायकांचा मोर्चा!

"सर, आमच्या पोरांचे खोके कुणी खाल्ले?"

सरांना आधी वाटलं स्वप्न आहे. मग सगळं ऐकल्यावर त्यांच्या बनियनला घाम फुटला. "अहो, असा काही खोका नाहीच! पैसे आलेत ना खात्यावर! खोका आला कुठून? कुणाच्या सहीनं? वरपर्यंत गेलं तर माझी नोकरी जाईल! मला तो खोका आत्ताच्या आत्ता बघायचाय!"

झालं! पुढं सर, शर्टाची बटणं वरखाली लावलेले, मागं साळूबाई, तिच्यामागं गल्ली, अन् दुकानाचं दार कसंबसं ओढून घेऊन भाऊजीसुद्धा, असा सगळा लवाजमा माझ्या ओसरीत! भाऊजींच्या बायको, आमच्या शेजारच्याच घरातल्या थोरल्या जाऊबाई झुंबरबाई, त्याही आल्या.

निकिता आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिचं तोंड बघितलं, अन् मी हात जोडले.

"सर, मी खोटं बोलले. सरकारचं नाही, मीच ऑनलाईन मागवलंय. आता जा सगळे घरी!"

तुम्हाला वाटेल, खरं बोलल्यावर प्रश्न मिटला. छे! खरं ऐकून साळूबाई जास्तच भडकली.

"बघा, बघा! सोताचं पदरात पडलं, आता आमाला मिळू नये म्हनून खोटं बोलतीय! ऑनलाईन असतं तर भिमाजीपासनं लपवून आनलं असतं, त्याच्याच दुकानात कशाला पाठवलं असतं?"

कुठल्याही शहाण्या माणसाला पटेल असाच मुद्दा होता!

"उघडा खोका!" सर म्हणाले.

"उघडा! उघडा!" गल्ली म्हणाली.

साळूबाई पुढं सरकली. मला दुसरं काही सुचलं नाही. मी खोक्यावर बसले!

"उठ पंकजे!"

"नाही उठत! माझं घर, माझा खोका!"

"पंकजाताई, असं करू नका, चौकशीत अडचण येईल!"

"बसू द्या चौकशीला पण! जागा आहे शेजारी!"

मी बसले खरी, पण आता माझं वय चाळिशीच्या पुढचं, वजनाचं तर विचारूच नका. खालून आधी शेवया कडकड बोलल्या. मग पोहे. मग खोक्याची एक बाजू फाट्‌दिशी फुटली, अन् सगळा संसार ओसरीभर पसरला! डाळ एकीकडं, साखर एकीकडं, साबण थेट सरांच्या पायाशी. मी पदर पसरून त्यावर आडवी पडले, जशी काही क्रिकेटमध्ये चेंडू अडवतेय.

साळूबाईनं एक बाटली उचलली. वर धरली.

"सर, हे काय?"

"फिनेल," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात आत्ता कुठं प्राण आला! "पोषण आहारात फिनेल नसतं. कधीच नव्हतं. हे सरकारचं नाही!"

गल्लीचा सगळा वारा निघून गेला. खोका सरकारी नाही म्हटल्यावर त्यात कुणाला रस? "उगंच उन्हात नाचवलं," म्हणत बायका पांगल्या. सर शर्टाची बटणं नीट लावत गेले.

मी पदराखाली चाचपून बघितलं. डाळ लागली, साखर लागली, शेंगदाणे लागले. पाकीट? पाकीट नाही! फुटलेल्या खोक्यात हात घालून बघितलं. नाही!

तेव्हा कुठं मी मोबाईल काढला. सकाळीच मेसेज येऊन पडला होता : एक वस्तू शिल्लक नसल्यामुळे पाठवता आली नाही, पैसे परत मिळतील, क्षमस्व.

जी वस्तू खोक्यात नव्हतीच, तिच्यासाठी मी गाव उठवलं, सरांची झोप मोडली, शेवयांचा भुगा केला!

भाऊजी अजून उभे होते. त्यांनी खाली पडलेली डाळ उचलली, चिमटीत धरून बघितली. "अशीच हाय की माझ्याकडं," ते म्हणाले. "पंकजा, माझ्या दुकानात काय कमी पडलं गं तुला?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पदर ओढून शेवयांचा भुगा गोळा करत राहिले. भायाला हे सांगायचं तरी कसं, की तुमच्या दुकानात कमी काही नाही, एक आरोळी तेवढी जास्त आहे? ते मान हलवत गेले. आत निकितानं दार लावून घेतलं.

झुंबरबाई मात्र हलल्या नव्हत्या. ओसरी मोकळी झाल्यावर माझ्याजवळ खाली बसल्या, सांडलेले पोहे भरू लागल्या.

"डाळीच्या खोक्यावर बाई अशी बसत न्हाई, पंकजा. खरं सांग, काय हुतं त्यात?"

मग मी सांगून टाकलं. पाण्याच्या टाकीपासून मेसेजपर्यंत, सगळं! झुंबरबाईंनी ऐकून घेतलं, उठल्या, गेल्या, अन् दोन मिनिटांत परसदारानं परत आल्या. लुगड्याच्या ओच्यातून पाकीट काढून निकिताच्या दारावर टकटक केलं, अन् फटीतून आत सरकवलं.

"आक्का! हे कुठून?"

"आमच्या परसदारानं. समद्या गावच्या बाया-पोरी माझ्याकडनंच नेत्यात की! त्येनला कशाला इचारायचं? मी सोता मागवते, सैपाकघरात ठेवते. फळीवर हाय ते नुसतं दाखवायला."

"समद्या? साळूबाईच्या सुनासुद्धा?"

"त्या तर कवाच्या."

"किती वर्षं झाली, आक्का?"

"निकिताचा जन्मबी नव्हता तवापासून."

मी कपाळाला हात लावला. गावात कुणाच्या जावयाला टक्कल पडतंय हे मला ठाऊक, अन् शेजारच्या घराचं परसदार मला ठाऊक नाही!

"मग एवढ्या वर्षांत मला एकटीलाच कुणी का सांगितलं नाही?"

झुंबरबाईंनी पोह्यातला खडा वेचून बाहेर टाकला.

"आगं, बाया नगं म्हनल्या. पंकजाला कळलं की गावाला कळलं, म्हने."

हे ऐकून मला इतका राग आला, इतका राग आला, की लगेच तुम्हाला सांगायला बसले.