एका शब्दाचं अपील

सुहासराव धर्माधिकारींनी दुसरं लग्न करायचं ठरवलं आणि कुणाला न विचारता राहात्यातलं कार्यालय ठरवूनही टाकलं. घटस्फोट होऊन वर्ष उलटलं होतं. आता अडवणार कोण? (सुहासरावांना अडवायची छाती अख्ख्या श्रीगोंद्यात एकाच माणसाची होती. त्यांची स्वतःची.)

होणाऱ्या बायकोचं नाव दमयंती. त्या शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे पडताळा घेतल्याशिवाय त्यांचं उत्तर पुरं व्हायचं नाही. "एकदा वकिलांना विचारू या का?"

"कायदा कोळून प्यालोय मी!" असं म्हणत सुहासराव त्यांना घेऊन रामहरी वकिलांकडे गेले.

कागद चाळून वकील म्हणाले, "घटस्फोटाच्या निकालावर अपील चालू असलं, तर त्याचा फैसला होईस्तोवर दुसरं लगीन न्हाई करता येत. दोघांनाबी."

"वृषाली कशाला अपील करेल? घटस्फोट तिनंच तर मागितला!"

"त्यांनी न्हाई वो. तुमी केलंय."

सुहासरावांना एकदम आठवलं. निकालात कोर्टानं त्यांना 'भांडखोर स्वभावाचे' म्हटलं होतं. घटस्फोट कबूल होता, भांडखोर कबूल नव्हतं. रामहरी नको नको म्हणत असताना त्यांनी अपील ठोकलं होतं. पुढे एसटी डेपोशी नवं भांडण लागलं आणि जुनं विसरून गेले.

"एका शब्दासाठी आख्खा निकाल रद्द करायला मागितलात?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"तत्त्वाचा प्रश्न होता!"

"मग आता नक्की कोण हवंय? मी, की वृषालीताई परत?"

एवढ्यात सुहासरावांचा मोबाईल वाजला. वृषालीच होती. "अहो, तुमच्या त्या अपिलापायी माझं लग्न अडलंय!"

"अडू दे!" सुहासरावांना वर्षभरात इतकं बरं वाटलं नव्हतं.

दमयंतीबाई पर्स उचलून उठल्या. "मग आपलंही अडू दे."

"थांबा, थांबा! मागे घेतो. पण म्हणजे मी भांडखोर आहे, असं कबूलच केलं की!"

"साहेब," रामहरी म्हणाले, "ते सगळ्या तालुक्याला ठावं हाय. तुमालाच कळायचं राह्यलं हुतं."

कोर्टात विचारणा झाली, "बिनशर्त मागे घेताय?"

"हो. पण त्या शब्दाबाबत माझं एवढंच म्हणणं..."

मागून शर्ट खेचला गेला. "हो," सुहासराव म्हणाले.

बाहेर येताच त्यांची छाती फुगली. "बघितलंत? जास्तीचा एक शब्द बोललो नाही! भांडखोर म्हणे!" तेवढ्यात पार्किंगवाला खेकसला, "ओ काका, गाडी काढा!" सुहासरावांनी तक्रार लिहायला खिशातून पेन काढलं. दमयंतीबाईंनी ते शांतपणे घेऊन पर्समध्ये टाकलं.

लग्न थाटात झालं. नोंदणीच्या वेळी सहीसाठी दमयंतीबाईंनी पर्समधून पेन काढून दिलं. सही झाली. पेन परत पर्समध्ये गेलं.

हल्ली सुहासरावांना किराण्याची यादीसुद्धा तोंडी सांगावी लागते.